कडू बदाम, क्लोरीन आणि पाणी

बारावीच्या रसायनशास्त्रात बेन्झॉइल क्लोराइड हे नाव येतं ते समीकरणातल्या बाणाच्या या किंवा त्या बाजूला. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पदार्थ प्रत्यक्षात पाहिला असेल तर मात्र तो विसरणं कठीण. रंगहीन, पाण्यापेक्षा जड (घनता सुमारे १.२१) आणि १९७ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव आहे. जुलै महिन्यात, हवा दमट असताना बाटलीचं बूच काढलं की तोंडाशी पांढुरका धूर दिसतो आणि लगेच डोळ्यांतून पाणी वाहू लागतं. आग कुठेच नसते. द्रवाच्या वाफेची हवेतल्या बाष्पाशी गाठ पडते, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो ओलाव्यात विरघळून धुरासारखा दिसतो. डोळ्यांतला ओलावा म्हणजेही पाणीच. तिथेही तेच घडतं.

पाणी दिसलं की त्याच्याशी भिडायचं, ही या पदार्थाची खोड. पण हीच खोड माणसाच्या कामी कशी आली, आणि शेवटी आपल्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या यंत्रापर्यंत कशी पोचली, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात १८३२ सालच्या उन्हाळ्यात, जर्मनीत झाली. फ्रीडरिश व्होलर त्या वेळी कासेल गावच्या तंत्रशाळेत शिकवत होता. युरिया प्रयोगशाळेत तयार करणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. ते १८२८ सालचं कामही त्यानं बर्लिनच्या अशाच एका तंत्रशाळेत शिकवत असताना केलं होतं, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि जून १८३२ मध्ये त्याची पत्नी फ्रान्झिस्का वारली. व्होलर बत्तीस वर्षांचाही नव्हता. त्याचा मित्र युस्टुस लीबिग गीसेनला प्राध्यापक होता. त्यानं व्होलरला आपल्याकडे बोलावून घेतलं. या दोघांची ओळख खरं तर एका वादातून झालेली. लीबिगचं स्फोटक फल्मिनेट आणि व्होलरचं निरुपद्रवी सायनेट या दोहोंतल्या मूलद्रव्यांचं प्रमाण तंतोतंत सारखं निघालं होतं आणि कोणाचं तरी चुकलंय असं दोघांनाही वाटत होतं. चुकलं कोणाचंच नव्हतं, तो समघटकतेचा पहिला धडा होता. वाद मिटला तो मैत्रीनं. लीबिग तापट, व्होलर शांत, पण मैत्री जन्मभर टिकली.

गीसेनमध्ये दोघांनी हाती घेतलं कडू बदामाचं तेल. या तेलाला छान वास असतो, पण कच्च्या तेलात प्रुसिक आम्ल म्हणजे हायड्रोजन सायनाइड असल्यामुळे ते जहरी असतं. ते विष काढून टाकून दोघांनी शुद्ध तेल मिळवलं. आज आपण त्याला बेन्झाल्डिहाइड म्हणतो. हवेत उघडं ठेवलं की त्यात स्फटिक जमतात, ते बेन्झॉइक आम्लाचे. हेच आम्ल लोबानापासूनही मिळतं. (लोबानाचा या गोष्टीशी नावापुरताही संबंध आहे. अरब व्यापारी जावा-सुमात्राकडून येणाऱ्या या सुगंधी डिंकाला ‘लुबान जावी’ म्हणत. युरोपी तोंडांतून फिरता फिरता त्याचं ‘बेन्झॉइन’ झालं आणि त्यावरून बेन्झॉइक, बेन्झॉइल, बेन्झीन ही सगळी नावं आली.)

मग त्यांनी कोरड्या तेलातून क्लोरीन वायू सोडला. तेल तापलं, हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडला आणि मागे उरला एक झोंबऱ्या वासाचा द्रव. तोच बेन्झॉइल क्लोराइड. इथून पुढे त्यांनी केलेलं काम फार सुंदर आहे. त्यांनी हा द्रव एकामागून एक वेगवेगळ्या पदार्थांना भिडवला. पाण्याशी गाठ घातली तर बेन्झॉइक आम्ल मिळालं. अमोनियाशी घातली तर बेन्झामाइड. अल्कोहोलशी घातली तर एक सुवासिक एस्टर. पोटॅशियम ब्रोमाइड, पोटॅशियम आयोडाइड, पारद सायनाइड, शिशाचं सल्फाइड, प्रत्येकाबरोबर क्लोरीन सुटून गेला आणि त्याच्या जागी ब्रोमीन, आयोडीन, सायनाइड किंवा गंधक येऊन बसलं. प्रत्येक पदार्थाचं पृथक्करण केलं तेव्हा एक गोष्ट सगळ्यांत कायम सापडली. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा एकच गट. त्यांच्या काळच्या अणुभारांनुसार त्यांनी तो चौदा कार्बन, दहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन असा लिहिला. आज आपण तो निम्मा, म्हणजे सात, पाच आणि एक असा लिहितो. भोवतालचे सोबती बदलत होते, पण हा गट मात्र एकसंध राहून इकडून तिकडे जात होता, जणू तो स्वतःच एखादं मूलद्रव्य असावा. या गटाला त्यांनी ‘बेन्झॉइल’ नाव दिलं. शेवटचा ‘इल’ हा ग्रीक ‘हुले’ म्हणजे द्रव्य या शब्दावरून घेतला. मिथिल, इथिल, फेनिल यांतला ‘इल’ इथूनच आला.

हे सारं महिन्याभरात आटोपलं आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. त्या वेळी सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे शेकडो पदार्थांची विस्कळीत यादी होती. प्राण्यांपासून आणि वनस्पतींपासून मिळणारे पदार्थ कोणत्या नियमानं बांधलेले आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आता प्रथमच एक धागा हाती आला. स्टॉकहोमचा बर्झेलियस त्या काळच्या रसायनशास्त्रातला सर्वांत वजनदार माणूस. तो इतका हरखला की या मूलकाला पहाट या अर्थाचं नाव द्यावं असं त्यानं सुचवलं. प्रोइन किंवा ऑर्थ्रिन. गंमत म्हणजे पुढे काही वर्षांत बर्झेलियसच यातून मागे फिरला. मूलकात ऑक्सिजन असूच शकत नाही, असं त्याचा विद्युत-रासायनिक सिद्धांत सांगत होता. आपला सिद्धांत वाचवण्यासाठी त्यानं पहाट नाकारली. मूलकांची कल्पनाही पुढे तशीच्या तशी टिकली नाही, रेणूची खरी रचना कळायला आणखी पंचवीस-तीस वर्षं जावी लागली. पण रेणूचा एखादा भाग अभिक्रियेत अखंड राहतो, हा विचार टिकला, आणि आपण वर्गात ‘क्रियात्मक गट’ शिकवतो तो त्याचाच वंशज आहे.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. बेन्झॉइल गट बेन्झॉइक आम्लातही होताच. मग तो दिसायला क्लोराइडच का लागलं?

कारण बेन्झॉइक आम्ल थंड स्वभावाचं आहे, ते आपला गट सहजी सोडत नाही. क्लोराइडचं तसं नाही. या रेणूत एका कार्बनला दुहेरी बंधानं ऑक्सिजन आणि एकेरी बंधानं क्लोरीन जोडलेला असतो. दोघेही इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, म्हणून मधला कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलेला राहतो. त्यात क्लोरीन म्हणजे पायात चपला घालून उंबऱ्यावर उभा असलेला पाहुणा. निमित्त मिळालं की निघालाच. पाणी, अल्कोहोल, अमोनिया, ज्याच्या ऑक्सिजनवर किंवा नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी आहे तो कोणीही आला की कार्बन त्याला धरतो आणि क्लोरीन चालता होतो. व्होलर आणि लीबिग यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा. त्यांनी क्लोराइडच्या उतावळेपणाचा फक्त उपयोग करून घेतला.

पुढच्या वीस वर्षांत या क्लोराइडचं कुटुंब वाढलं. फ्रान्समध्ये शार्ल गेरहार्टनं १८५२ साली अॅसेटिक आम्लाचं क्लोराइड, म्हणजे अॅसेटिल क्लोराइड केलं. ते बेन्झॉइलपेक्षाही तापट निघालं. एक्कावन्न-बावन्न अंशांनाच उकळतं आणि पाण्याचा थेंब पडला तरी फसफसून उसळतं. १८५३ साली गेरहार्टनं ते सोडियम सॅलिसिलेटवर घातलं आणि जो पदार्थ मिळाला तो म्हणजे अॅस्पिरिन, अर्थात अशुद्ध स्वरूपातलं. त्याचं औषध व्हायला मात्र शतकाची अखेर उजाडली, आणि तेव्हा वापरलं गेलं ते क्लोराइड नव्हे तर अॅसेटिक अॅनहायड्राइड. त्यातून दाहक हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडत नाही. हे अॅनहायड्राइडही प्रथम गेरहार्टनंच १८५२ मध्ये केलं होतं. चाळिशी गाठायच्या आत, १८५६ साली तो वारला. व्हिक्टर देसेन्यनं १८५३ सालीच बेन्झॉइल क्लोराइड आणि ग्लायसीनचा जस्ताचा क्षार यांच्यापासून हिप्युरिक आम्ल बनवलं. घोड्याच्या मूत्रात लीबिगला सापडलेला पदार्थ काचेच्या भांड्यात तयार झाला.

या सगळ्या कृतींत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे कोरडेपणा. भांडी कोरडी, द्रव कोरडे. पाणी आलं की काम बिघडलं, असाच समज होता, आणि तो रास्तही होता.

हा समज मोडला जर्मनीतल्या दोघांनी. कार्ल शॉटेननं १८८४ साली पिपरिडीन नावाच्या अमीनवर बेन्झॉइल क्लोराइडची क्रिया घडवली ती चक्क पाण्यात, कॉस्टिक सोडा घालून. १८८६ साली ऑयगेन बाऊमाननं दाखवलं की हीच रीत ग्लिसरीन आणि ग्लुकोजसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांनाही लागू पडते. पाण्याचा वैरी पाण्यातच कामाला लावायचा! हे जमतं कसं? बेन्झॉइल क्लोराइड पाण्यात विरघळत नाही. तेलाच्या थेंबांसारखा तो तळाशी बसतो, त्यामुळे पाण्याला तो हळूहळूच सापडतो. अमीनचा नायट्रोजन पाण्याच्या ऑक्सिजनपेक्षा कितीतरी चपळ. पाणी पोचायच्या आत तो गट पटकावतो. आणि सुटलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल कॉस्टिक सोडा तिथल्या तिथे संपवतो, नाहीतर तेच अमीनला बांधून ठेवेल. म्हणजे पाणी टाळायचं नाही, त्याच्याशी शर्यत जिंकायची. अॅसेटिल क्लोराइड या शर्यतीत टिकत नाही, पाणी त्याला आधीच गाठतं. बाऊमान आणि उद्रान्स्की यांनी याच रीतीनं पुढे सिस्टिनमेहाच्या रुग्णांच्या मूत्रातून प्युट्रेसीन आणि कॅडॅव्हरीन ही अमिनं पकडली. इतक्या पातळ द्रावणातून नेमकी अमिनं वेचणारा गळ त्या काळी दुसरा क्वचितच असेल.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळांत हीच कृती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अॅनिलिन, सोड्याचं द्रावण आणि बेन्झॉइल क्लोराइड बूच लावून हलवायचं आणि पांढरं बेन्झानिलाइड गाळून घ्यायचं. शुद्ध असेल तर ते १६३ अंशांना वितळतं. जुन्या कृतींत ‘क्लोराइडचा वास जाईपर्यंत हलवा’ अशी सूचना असते. ती मला कधीच पटली नाही. ज्याच्या वाफेनं डोळे आणि घसा पोळतो त्याची परीक्षा नाकानं घ्यायची नसते. शिवाय बंद बाटली हलवताना आतली क्रिया तापते, मधून मधून बूच सैल केलं नाही तर ते उडतं.

आणि इथेच धोक्याचं मूळही दिसतं. आपली त्वचा, डोळ्याचा पडदा, फुप्फुसांचं अस्तर हे सारं प्रथिनांचं, आणि प्रथिनांत नायट्रोजनवर मोकळी जोडी असलेले अमिनो गट जागोजाग असतात. बेन्झॉइल क्लोराइड अंगावर सांडलं तर शॉटेन आणि बाऊमान यांची अभिक्रिया आपल्याच अंगावर घडते, वर हायड्रोक्लोरिक आम्लाची भर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं क्लोरिनयुक्त टोल्युईन आणि बेन्झॉइल क्लोराइड यांच्या एकत्रित संपर्काला ‘बहुधा कर्ककारक’ या गटात घातलं आहे. याच कुटुंबातला आणखी एक पदार्थ फॉस्जीन, कार्बोनिक आम्लाचं क्लोराइड. जॉन डेव्हीनं १८१२ मध्ये तो उन्हाच्या साहाय्यानं बनवला, म्हणून नावाचा अर्थ ‘प्रकाशातून जन्मलेला’. १९१५ च्या डिसेंबरात तो युद्धात सोडला गेला. भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनत असे ते याच फॉस्जीनपासून, आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. बेन्झॉइल क्लोराइड निदान डोळ्यांना झोंबून इशारा देतं. फॉस्जीन इशारा फारसा देत नाही, माणूस श्वास घेत राहतो आणि त्रास काही तासांनी उफाळतो.

तेव्हा बाटली हाताळायची झाली तर ती फ्यूम कबर्डमध्येच, सुरक्षा चष्मा आणि हातमोजे घालून. भांडी कोरडी हवीत. साठवण थंड, कोरड्या जागी, पाणी, अल्कोहोल, अमीन आणि अल्कली यांच्यापासून लांब. अर्धवट वापरलेल्या बाटलीत ओलावा शिरला असेल तर आत वायूचा दाब साठतो, म्हणून बूच सावकाश आणि तोंड दुसरीकडे करून उघडावं. जमिनीवर सांडलं तर पाणी ओतायचं नाही. कोरडी वाळू टाकावी, मग खाण्याचा सोडा. पाण्याखाली ते तेलासारखं शांत पडून राहतं आणि ऊब मिळाली की एकाएकी पेट घेतल्यासारखी क्रिया सुरू होते. ही शांतता फसवी.

मुलं इथे हमखास विचारतात, मग अंगावर उडालं तर? तर पाणीच! लगेच, भरपूर, वाहतं. डोळ्यात गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं, आणि मग डॉक्टर. यात विसंगती नाही. थोडं पाणी अभिक्रिया घडवतं आणि उष्णता तिथेच साचते. भरपूर वाहतं पाणी पदार्थ आणि उष्णता दोन्ही वाहून नेतं. माध्यमिक शाळेत हा पदार्थ आणूच नये असं माझं मत आहे. आम्लक्लोराइडं समजावायला त्याची बाटली लागत नाही.

पाण्याशी शर्यतीची ही कल्पना विसाव्या शतकात अनपेक्षित ठिकाणी फळली. नायलॉन १९३५ साली तयार झालं ते भट्टीसारख्या तापमानाला. ड्यूपाँ कंपनीत पॉल मॉर्गन आणि स्टेफनी क्वोलेक यांनी वेगळी वाट दाखवली. दोन टोकांना दोन क्लोराइड गट असलेला सेबॅसॉइल क्लोराइड एका तेलकट द्रवात विरघळवायचा, दोन टोकांची अमीन पाण्यात. दोन्ही द्रव एकमेकांवर अलगद ठेवले की जिथे ते टेकतात तिथेच, साध्या तापमानाला, नायलॉनचा पापुद्रा धरतो. चिमट्यानं तो वर ओढला की दोर निघतच राहतो. हा प्रयोग त्यांनी १९५९ साली शिक्षकांच्याच एका रसायन-नियतकालिकात दिला. जुन्या कृतींत कार्बन टेट्राक्लोराइड असे. तो यकृताला घातक आणि ओझोनच्या थराचा शत्रू, म्हणून आता त्याऐवजी हेक्झेन घेतात (आणि हेक्झेन ज्वलनशील आहे, हेही विसरू नये). दोर धुतल्याशिवाय मुलांच्या हाती द्यायचा नाही. त्यात दोन्ही द्रव अडकलेले असतात. क्वोलेकबाईंना १९६५ साली सापडलेल्या धाग्यातून पुढे केव्हलार निघालं. गोळी अडवणाऱ्या जाकिटांतल्या त्या धाग्याचा एक कच्चा माल टेरेफ्थॅलॉइल क्लोराइड आहे, म्हणजे दोन क्लोराइड गटांचा बेन्झीन-कडं असलेला रेणू.

आता कड्यावर तीन गट घेऊ. ट्रायमेसॉइल क्लोराइड. अमेरिकेत जॉन कॅडॉट खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या मागे लागला होता. त्याआधीचे पडदे सेल्युलोज अॅसेटेटचे होते. कॅडॉटनं एक सच्छिद्र आधार घेतला, तो अमीनच्या पाण्यात भिजवला आणि त्यावर ट्रायमेसॉइल क्लोराइडचं हेक्झेनमधलं द्रावण सोडलं. काही क्षणांत दोहोंच्या सीमेवर पॉलिअमाइडची पातळ साय धरली, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. तीन हातांचे रेणू असल्यामुळे दोराऐवजी जाळं विणलं जातं. साय धरली की अमीनला पलीकडे जाता येत नाही, म्हणून क्रिया आपोआप थांबते. कुठे भोक राहिलं असेल तर तिथूनच अमीन वर येते आणि भोक बुजतं. १९८१ साली त्याला या पडद्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. आज समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांत आणि आपल्या घरोघरच्या आरओ यंत्रांत प्रामुख्यानं याच जातीचा पडदा असतो.

विणकामात काही क्लोराइड गटांना अमीन मिळतच नाही. ते अखेर पाण्याला सापडतात आणि त्यांचं आम्ल होतं, अगदी गीसेनमध्ये बेन्झॉइल क्लोराइडचं झालं तसं. त्या आम्लगटांमुळे पडद्यावर ऋण भार राहतो आणि क्षारांचे आयन अडवायला तोही थोडा हातभार लावतो. पडद्याला सोसत नाही तो मोकळा क्लोरीन. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन पॉलिअमाइडच्या नायट्रोजनवर हल्ला करतो आणि जाळं उसवतं. यंत्रात पडद्याच्या आधी कार्बनचं नळकांडं बसवलेलं असतं ते याचसाठी, आणि ते वेळेवर बदललं नाही तर महागाचा पडदा आधी जातो.